मंडळात कोण कुठे बसणार

गुरुवार, ११ सप्टेंबर २०२५

मुलाची, अनुजची, जुनी डायरी सापडली, कोरी. २०१९ सालची आहे, छापील तारखा खोडून माझ्या घालते. रोज लिहिणं मला जमणार नाही. काही घडलं तर लिहीन.

आज भजनाला मंदिरात सात जणी होत्या आणि फोनवर अकरा. टाळेबंदीत सुनेने, उन्नतीने, लिंक सुरू करून दिली तेव्हा वाटलं होतं चार महिन्यांचं काम आहे. पाच वर्षं झाली. दर गुरुवारी चारला मी पेटी उघडते, उन्नती शाळेतून येऊन समोर फोन उभा करते आणि सगळ्यांचे आवाज बंद करते. आवाज चालू ठेवले तर एकीचा पुढे, एकीचा मागे, भजनाचं भांडण होतं. म्हणून मी गायचं आणि फोनवरच्यांनी आपापल्या घरी म्हणायचं. म्हणत असतील तर.

नवापूरच्या सपनाचा तर चेहराही दिसत नाही. कॅमेरा बंद. नुसता एक गोल आणि त्यात ‘स’. फोन लावून ही आपली मासळी निवडत बसत असणार.

भजन झाल्यावर धर्मेश आला. मंदिराचं सगळं हल्ली तोच बघतो, चांगला मुलगा आहे. म्हणाला, "ताई, यंदा दत्तजयंतीचं भजन आपण चॅनेलवर लाइव्ह दाखवू. बाहेरगावी गेलेले सगळे उमरोळीकर बघतील."

मी म्हटलं, "छान."

"पण मांडव भरलेला दिसला पाहिजे. सात बायका कॅमेऱ्यात बऱ्या दिसणार नाहीत. निदान वीस तरी हव्यात. नाही जमलं तर पालघरचं एक मंडळ आहे, त्यांच्याकडे सगळं असतं, साउंडसकट."

सत्तावीस वर्षं दत्तजयंतीचा पाळणा आमच्या मंडळाने म्हटला आहे. त्याआधी माझे वडील म्हणायचे. मी म्हटलं, "जमेल."


रविवार, १४ सप्टेंबर

मंडळातल्या चौघी घरी आल्या होत्या. ठरलं की लिंक बंद करायची. घरबसल्या मिळतंय तोवर कोण उठून येणार? ढोलकीवाल्या दीपाने हे स्पष्ट बोलून दाखवलं, मला पटलं. उन्नती म्हणाली, "आई, काहींना खरंच येता येत नाही." मी म्हटलं, ज्यांचं खरं आहे त्यांचं बघू.


गुरुवार, १८ सप्टेंबर

लिंक बंद. पाऊस मरणाचा. मंदिरात नऊ जणी, म्हणजे दोन वाढल्या. त्यातल्या एकीने पूर्ण वेळ घड्याळ बघितलं.

सवयीने मी दोनदा फोनच्या स्टँडकडे बघितलं. तिथे फोन नव्हता.


गुरुवार, २५ सप्टेंबर

नवरात्र. सहा जणी.


शुक्रवार, ३ ऑक्टोबर

आज फोनवरच्या एकेकीला फोन केला. दोघींचे गुडघे, एकीचे यजमान अंथरुणावर, एक बडोद्याला मुलाकडे. ही खरी कारणं झाली. बाकीच्या "बघते, बघते" म्हणाल्या.

सपनाला विचारलं, "तू का येत नाहीस? पूर्वी यायचीस की."

"पूर्वी उमरोळीला इकायला यायची ना ताई. आता बोईसरच्या बाजारात बसते. थितून घरी, घरून परत उमरोळी, नाय जमत."

"आठवड्यातून एक दिवस."

"हो ना," म्हणाली. मग म्हणाली, "ताई, लिंक परत चालू नाय का होनार?"

मला राग आला. पूर्वी ही सकाळभर दारोदार मासळी विकून चारला मंदिरात यायची, टोपली बाहेर ठेवून. बाकीच्या कुरकुरायच्या, कारण गुरुवारी आमच्यात बहुतेकींचा उपास असतो. मीच तिला टोपलीसाठी कुंपणाबाहेर सावलीतली जागा ठरवून दिली होती आणि आत मागे ढोलकीशेजारी बसवायचे, कारण तिला सूर म्हणून नाही. आवाज मोठा आणि कुठल्या कुठे जाणारा. ढोलकीजवळ असली की बाकीच्यांचं भजन बिघडायचं नाही. एवढं सांभाळून घेतलं त्याची किंमत नाही.


गुरुवार, ९ ऑक्टोबर

मंदिरात लाइव्हसाठी रंगकाम काढलंय, म्हणून भजनाला सुट्टी. मी नवापूरला गेले. सपनाला समोरासमोर विचारायचं ठरवलं होतं. फोनवर माणूस काहीही सांगतं.

गाडीने बोईसर, तिथून शेअर रिक्षा. कारखान्यांच्या पट्ट्यात नाकाला पदर लावला. रिक्षावाला हसला, "आदत हो जाती है, माँजी."

घर विचारावं लागलं नाही. वळणावरच आवाज आला. आधी वाटलं कुणाचं भांडण चाललंय. मग शब्द कळले. माझ्या वडिलांचं भजन होतं.

जाळी शिवायच्या मांडवात पंधरा-सतरा बायका बसल्या होत्या. पुढ्यात जवळ्याच्या बारीक मासळीचा ढीग, हात निवडतायत आणि तोंडाने भजन. मधोमध स्टीलचा डबा, त्यात फोन. त्यातून माझाच आवाज येत होता, आणि त्याच्यावर ह्या सगळ्या. पट्टी म्हणून कुठलीच नव्हती. प्रत्येकीची वेगळी, आणि सगळ्यात वर सपना. मान मागे टाकून, डोळे मिटून. माझ्याकडे मंदिरात ती अशी कधी गायली नव्हती.

मला बघून ती उठली. बाकीच्या थांबल्या नाहीत, कडवं पुरं केलं.

एक म्हातारी माझ्याकडे निरखून बघत होती. "हीच का गं ती डब्यातली बाय?"

ही सपनाची सासू, ठकीआजी. फोन डब्यात ठेवला की आवाज मोठा येतो म्हणे. पाच वर्षं मी त्या डब्यात आहे.

मी विचारलं, "ह्या सगळ्या लिंकवर असायच्या?"

सपना म्हणाली, "लॉकडाऊनपासून. पहिली शेजारची एकटी यायची. तिचा नवरा बोटीवर, घरात मन लागायचं नाय. मंग दुसऱ्या आल्या. आता लिंक नाय तर हे जुनं रेकॉर्ड लावतो."

"मला सांगितलं का नाहीस?"

ती ओशाळली. "लिंक एकाच नावाची ना. वाटलं, जास्त मानसं बसतात कळलं तर तुमच्या मंदिराचं नेट संपंल."

कॅमेऱ्याचं विचारलं नाही. मांडवात मासळी होती, तेव्हा कळलंच.

चहा घेतला. भजन पुन्हा म्हणायला लावलं, तेव्हा घोळ लक्षात आला. वडिलांचे मूळ शब्द असे:

दारी उभा अवधूत, त्याची रिकामी गे झोळी
आधी बोलाव तयाला, मग वाढ भाजीपोळी

ह्या म्हणतात, "आधी", मग थांबतात. दोन टाळ्यांइतक्या गप्प. मग "बैस म्हण त्याला, मग वाढ भाजीपोळी." मी म्हटलं, "इथे थांबायचं नाही. आणि ‘बैस म्हण’ नाही, ‘बोलाव तयाला’."

सपना म्हणाली, "ताई, तुमी थितं थांबता की."

फोन मागितला आणि ऐकलं. श्रावणात उन्नतीने ग्रुपवर टाकलेलं रेकॉर्डिंग. त्यात "आधी" म्हटल्यावर नेट अडकलंय, आणि पुढे एकदम "ला, मग वाढ". ह्यांनी अडकणंही चालीत घेतलं आणि गेलेले शब्द आपले घातले.


शुक्रवार, १० ऑक्टोबर

रात्री झोप बरी लागली. सकाळी उठले ती हिशोब करतच. आमच्या सात आणि त्यांच्या सतरा. धर्मेशला वीस हव्यात. त्याला फोन केला, तो खूश. "काय सांगता ताई, एवढ्या? मग प्रश्नच मिटला."

चाल मात्र सुधारून घ्यायला हवी. दोन महिने आहेत. दर मंगळवारी नवापूरला जायचं ठरवलं.


मंगळवार, १४ ऑक्टोबर

नवापूर. पट्टी शिकवायचा प्रयत्न केला. फोनमधल्या पेटीवर सा धरला आणि म्हटलं, सगळ्यांनी ह्यात आवाज मिसळा. ठकीआजी म्हणाली, "पेटी बारीक हाय. ऐकूच येत नाय."

‘बोलाव तयाला’ दहा वेळा म्हणून घेतलं. दहाही वेळा बरोबर म्हणाल्या. मग सलग म्हणायला लावलं तर "आधी", आणि सगळ्या गप्प.

परत निघताना सपनाने सुकटीची पुडी दिली. गुरुवारी आमच्यात चालत नाही, पण आज मंगळवार. उन्नतीने चटणी केली.


मंगळवार, २८ ऑक्टोबर

दिवाळीत जाता आलं नाही. अनुज चार दिवस राहून गेला. तो गेल्यावर घर एकदम मोठं वाटतं.

नवापूरला आज पाऊस. दिवाळी उलटली तरी पाऊस, मासळी वाळत नाही, बायका त्या चिंतेत. शिकवण्यात मन नव्हतं कुणाचं. म्हणून मी नुसती बसले. त्यांच्यातली एक, बोटीवर नवरा असलेली, तिचा फोन वाजला की सगळ्या गप्प होतात. नवऱ्याचा नसला की पुन्हा बोलायला लागतात. तिच्या नवऱ्याचा फोन संध्याकाळी आला. मी तोवर थांबले होते. शिकवणी व्हायची होती म्हणून थांबले, पण झाली नाहीच.

उन्नती म्हणाली, "आई, तुम्हाला यायला सात वाजले." मी म्हटलं, रिक्षा मिळाली नाही.


गुरुवार, १३ नोव्हेंबर

भजनानंतर बैठक. मी, दीपा, धर्मेश आणि आणखी दोघी. मी सांगितलं, नवापूरच्या सगळ्या येतायत, टेम्पो करावा लागेल. दीपाने ढोलकी पिशवीत घातली. दुसरी म्हणाली, "सगळ्या? आतमध्ये?"

मी म्हटलं, "मग कुठे?"

धर्मेशने मार्ग काढला. तो मार्ग काढण्यात हुशार आहे. म्हणाला, "त्यांना एवढ्या लांब यायचा त्रास कशाला? आपण मांडवात एक मोठा टीव्ही लावू. त्या नवापूरहून लिंकवर जॉइन होतील, आपण त्यांना टीव्हीवर दाखवू. दोन्ही गावं एकत्र, दिसायलाही वेगळं दिसेल."

सगळ्यांना आवडलं. मलाही. खरं तर ठकीआजीला एवढा प्रवास झेपला नसता, आणि मार्गशीर्षातला गुरुवार, बायकांची व्रतं असतात. कुणाची अडचण नाही, असंच बरं.

घरी उन्नतीला सांगितलं. तिने विचारलं, "आणि त्यांचे आवाज?"

"आवाज बंदच ठेवावे लागतील. नाहीतर मागेपुढे होतं."

ती म्हणाली, "म्हणजे टीव्हीवर दिसतील, पण ऐकू येणार नाहीत." आणि वह्या तपासायला बसली.


शनिवार, १५ नोव्हेंबर

नवापूरला जाऊन सांगून आले. मी खूप छान करून सांगितलं. मोठा टीव्ही, दोन्ही गावं, सगळं.

सपना जाळ्याचा दोरा ओढत होती. मान वर न करता म्हणाली, "ताई, आमचा वास येतो म्हनून का?"

मी म्हटलं, "नाही गं. तसं काही नाही. तुम्हाला त्रास नको म्हणून."

"साड्या घेतल्या आमी. एकसारख्या. आजीनं पन घेतली."

मला हे माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मग नेसा ना. टीव्हीवर दिसतीलच."

ठकीआजीने विचारलं, "आनि तू कुठं बसनार?"

"मी मंदिरात. पेटी तिथे आहे ना."

"बरं," म्हणाली आणि जवळा निवडायला लागली.

चहा झाला नाही. उशीर झाला असेल.


मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज नवापूरला गेले नाही. शिकवायचं काही उरलं नाही, आवाज बंदच राहणार आहेत.

दिवसभर काही सुचलं नाही. कपाट आवरलं.


शुक्रवार, २१ नोव्हेंबर

धर्मेशने बसायची आखणी पाठवली, कागदावर चौकोन काढून. मी डावीकडे, कारण मधोमध कॅमेऱ्यासमोर मूर्ती आली पाहिजे. हे मान्य. दीपा उजवीकडे. बाकीच्या दोन ओळींत. टीव्ही खांबाला. आणि सगळ्यात मागे, दाराशी, एका चौकोनात सपनाचं नाव.

मी दीपाला फोन लावला. "हे काय?"

"सपना जुनी मेंबर आहे ना काकी. तिला एकटीला बोलवायला कुणाची हरकत नाही. धर्मेशने विचारलं, मीच सुचवलं."

"मग दाराशी का?"

दीपा म्हणाली, "तुम्हीच तर तिला मागे बसवायचात. माझ्या ढोलकीजवळ."

मी म्हटलं, "ते सुरासाठी होतं." फोन ठेवला.

सुरासाठीच होतं. हे वासासाठी आहे. दोन्ही एक नाही. सुराचं मला कळतं, म्हणून मी तिला मागे बसवलं. ह्यांना काय कळतं? आणि टोपली सावलीत ठेवायला सांगितली ती मासळी खराब होऊ नये म्हणून

उन्नती जेवायला बोलावतेय.


रविवार, २३ नोव्हेंबर

मंदिरात जाऊन धर्मेशला सांगून आले. तो टीव्हीचं माप घेत होता. मी म्हटलं, "टीव्ही नको. नवापूरच्या सगळ्या येतील. आतमध्ये बसतील, पुढच्या ओळीत."

"ताई, आपलं ठरलं होतं ना."

"सत्तावीस वर्षं मंडळ मी चालवते. माझ्या मंडळात कोण कुठे बसणार हे मी ठरवणार. तुझ्या कागदावर नाही ठरणार."

तो ओरडला नाही. तो कधीच ओरडत नाही. म्हणाला, "माझं स्वतःचं काही नाही हो. पण गावातले लोक बोलतील, मला त्यांना तोंड द्यावं लागतं. मार्गशीर्षातला गुरुवार, त्यात सगळं लाइव्ह. पुढच्या वर्षी हळूहळू करू."

"ह्या वर्षी साड्या घेतल्यात त्यांनी."

त्याला ह्याचा अर्थ लागला नाही. मला तरी कुठे नीट लागला होता, पण तोंडातून तेच आलं.

"मग मला पालघरच्या मंडळाला सांगावं लागेल," तो म्हणाला.

मी म्हटलं, "सांग."

पेटी माझी आहे, मंदिराची नाही. ती उचलून घरी आणली. उचलायला दोघं लागतात, धर्मेशनेच हात लावला. रिक्षातही त्यानेच नीट ठेवली.


सोमवार, २४ नोव्हेंबर

सपनाला फोन केला. "मंदिरात आपलं भजन होत नाही. दत्तजयंतीला मी तुमच्याकडे आले तर चालेल का?"

ती म्हणाली, "आजीला इचारून सांगते."

मला वाटलं होतं लगेच हो म्हणेल.


बुधवार, २६ नोव्हेंबर

सपनाचा फोन आला. "आजी म्हनते, या. पन चाल सुधरायला येऊ नका."


शुक्रवार, ५ डिसेंबर

काल दत्तजयंती झाली. रात्री फार दमले होते, म्हणून आज लिहिते.

सकाळी मंदिरात जाऊन दर्शन घेतलं. रंग छान लागलाय. पालघरच्या मंडळाचे स्पीकर उतरवणं चाललं होतं. दीपाने लांबून हात केला. ती त्यांच्यासोबत ढोलकी वाजवणार होती. मी नमस्कार करून निघाले.

उन्नतीने अर्धी रजा टाकली. पेटी रिक्षात मांडीवर घेऊन दोघी नवापूरला गेलो.

मांडव झाडून काढला होता. जवळा, जाळी, सगळं बाजूला. कोऱ्या जाळ्याच्या तुकड्याचा पाळणा बांधला होता आणि त्यात दत्ताची तसबीर. सगळ्या मोरपंखी साडीत. ठकीआजीला साडी मोठी झाली होती, सारखी वर खोचत होती. मासळीचा वास होता. मांडवाच्या लाकडातच तो आहे, झाडून जाणारा नाही. थोड्या वेळाने मला वेगळा असा येईनासा झाला.

उन्नती म्हणाली, "लिंक लावू का? गुडघेवाल्या काकू, बडोद्याच्या, सगळ्यांनी विचारलंय."

मी ठकीआजीकडे बघितलं. आजी म्हणाली, "लाव. फकस्त डब्यात नको ठेवू, डब्यात त्यांना आमी दिसनार नाय."

म्हणून फोन वाशाला सुतळीने बांधला. नऊ जणी जोडल्या गेल्या. जिचे यजमान अंथरुणावर आहेत तिने फोन त्यांच्या उशाशी ठेवला होता, तेही दिसत होते.

मी पेटीवर बसले आणि सपनाला शेजारी बसवलं. ती म्हणाली, "ताई, माझा आवाज तुमच्या कानात येईल."

मी म्हटलं, "येऊ दे."

तिन्हीसांजेला जन्म झाला. फुलं पडली, पाळणा म्हटला. मग वडिलांचं भजन. "आधी" म्हटलं आणि सगळ्या थांबल्या. मी एकटीच "बोलाव" म्हणून पुढे गेले आणि तोंडावर पडले. कुणी हसलं नाही, ठकीआजीने फक्त माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. पुढच्या खेपेला मीही थांबले. दोन टाळ्यांइतका वेळ मोठा असतो. लाटा ऐकू आल्या. मग सगळ्यांबरोबर "बैस म्हण त्याला."

वडिलांना हे चाललं असतं की नाही मला सांगता येत नाही. शब्दांच्या बाबतीत ते फार कडक होते.

शेवटी उन्नतीने फोनवरच्यांचे आवाज उघडले. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कोण गात होतं, साड्यांचा रंग कुठला, समुद्र कुठे आहे, फोन फिरवून दाखव. उन्नतीने फोन सोडून घेतला आणि किनाऱ्यापर्यंत नेला. अंधार होता, काही दिसलं नसणार. पण बडोद्याची म्हणाली, "दिसला, दिसला."

घरी आल्यावर उन्नतीने मंदिराचं लाइव्ह लावून दाखवलं. पालघरच्या बायका चांगल्या गायल्या, स्वच्छ आवाज. दीपाचा हात नेहमीसारखा पक्का. मांडव भरलेला दिसत होता. मी पूर्ण बघितलं.


गुरुवार, ११ डिसेंबर

मंदिरात मी, दीपा आणि एक. पालघरचं मंडळ काही दर गुरुवारी येणार नाही. धर्मेश चपला काढून आत आला, म्हणाला, "ताई, पेटी आणली नाहीत?"

"नवापूरला आहे."

तो उभा राहिला. म्हणाला, "त्यांना विचारा ना इकडे यायचं. साधा गुरुवार आहे, लाइव्ह वगैरे काही नाही."

मी म्हटलं, "तू विचार. मी एकदा सांगून बसलेय त्यांना काहीबाही, आता माझ्या शब्दाला वजन नाही."

"मी? मी कुणाला ओळखत नाही तिथे."

"म्हणून तर."

त्याने सपनाचा नंबर घेतला. फोन करणार की नाही ठाऊक नाही. आम्ही तिघींनी पेटीशिवाय दोन अभंग म्हटले आणि आरती केली. निघताना दीपाने विचारलं, "काकी, तिकडे ढोलकी आहे का?" मी म्हटलं, नाही, टाळ्याच आहेत. ती म्हणाली, "तुम्ही कधी जाता?" मी वार सांगितला.


बुधवार, १७ डिसेंबर

काल मंगळवार, नवापूर. दीपा आली नाही.

धर्मेशचा फोन मात्र सपनाला आला होता. ती म्हणाली, "लई वेळ बोलले. या म्हनाले, कुठंही बसा म्हनाले."

"मग?"

"आजी म्हनाली, त्यांना सांग आधी तुमी या." तिने ते तसंच सांगून टाकलं होतं. तो बरं म्हणाला म्हणे. येईल तेव्हा खरं.

लिंक चालूच ठेवायचं ठरलंय. मंगळवारी नवापूरहून, गुरुवारी उमरोळीहून. ज्यांना उठून येता येत नाही त्यांना खरंच येता येत नाही, हे उन्नती पहिल्यापासून सांगत होती.

कालचं एक लिहून ठेवते. सपना माझ्या उजव्या हाताला बसते आता, कानाजवळ. तिसरं भजन चाललं होतं. हवा गार, पाठीमागे बोंबील वाळत घातलेले, कुणाचा तरी नवरा परत आला होता म्हणून सगळ्या खुशीत. गाता गाता माझ्या लक्षात आलं की मी पेटीबरोबर नाही. बोटं एका सुरात आणि गळा सपनाच्या. कधी सुटलं कळलं नाही. लहानपणापासून माझा सूर कधी सुटलेला नाही. वडिलांनी एकदाच छडी मारली होती, त्यानंतर नाही.

पट्टी पुन्हा सापडायला दोन ओळी गेल्या. मी आजूबाजूला बघितलं. कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. सपना डोळे मिटून गात होती, पेटी आपली चालू होती, आणि त्या दोन ओळी मी काय म्हटलं देव जाणे, पण मोठ्याने म्हटलं.